जर्मनीची आत्या

"मॅडम, ही बाई तुम्हाला पैसे का पाठवतीय?"

बँकेतल्या साहेबांनी हे अशा आवाजात विचारलं की रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. त्यात नोव्हेंबर महिना, म्हणजे हयातीचे दाखले द्यायला आलेली अख्खी पेन्शनर मंडळी. त्यांना तसंही दुसरं काही बघायला नव्हतं.

गोष्ट एवढीशी. माझी आई वाकळी शिवते. जुन्या नऊवारींचे थर, वरून बारीक धावदोरा. फोटो टाकताना मी 'गोधडी' लिहिते, कारण आमच्या साताऱ्याकडचा 'वाकळ' हा शब्द सगळ्यांनाच कळत नाही. त्यातली एक जर्मनीतल्या एका बाईंना आवडली. १२० युरो ठरले.

मग त्यांनी आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागितला. भारतात आयबॅन नसतो. हे वाक्य मी चार दिवसांत सहा वेळा लिहिलं. त्यांच्याकडे प्रत्येक खात्याला २२ अक्षरांचा आयबॅन असतो, त्यामुळे आयबॅन नसलेलं खातं म्हणजे त्यांच्या लेखी सातबारा नसलेली जमीन. मी आयएफएससी पाठवला, तो तिकडे चालेना. परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा स्विफ्ट कोड लागतो म्हणाल्या, तर आमच्या शाखेला तो नाही, पुण्याच्या शाखेचा वापरायचा. मग त्यांचा प्रश्न आला: तुम्ही राहता एका गावात आणि बँक दुसऱ्या गावात, असं का? शेवटी त्यांनी फार नम्रपणे विचारलं, "तुमची बँक खरी आहे ना?" मला राग आला. आपल्या बँकेला आपण काय वाटेल ते बोलू, पण परक्याने बोललेलं लागतं.

तर पैसे आले. म्हणजे आलेत असं कळलं. खात्यात पडायच्या आधी त्यांच्या 'डिस्पोजल इन्स्ट्रक्शन' द्यायच्या होत्या. फॉर्मचं नावच तसं आहे. माझ्या आईच्या तीन आठवड्यांच्या कष्टाची विल्हेवाट कशी लावू, असं बँक विचारत होती.

"पर्पज कोड लिहा," साहेब म्हणाले. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला तिचं कारण सांगणारा कोड लागतो. मी घरून शोधून आले होते: पी ०१०३, मालाच्या निर्यातीपोटी आगाऊ रक्कम.

"निर्यात?" साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. "मग आयईसी द्या." आयईसी म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याला मिळणारा सरकारी नंबर.

"पॅन दिलाय ना."

"पॅन नको. आयईसी."

"साहेब, आता पॅन नंबर हाच आयईसी नंबर असतो. मी ५०० रुपये भरून काढलाय."

"हो, पण हा तर पॅन आहे."

इथे माझ्या डाव्या कोपराशी एक आवाज आला. "किती पैसे आलेत?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका. शेजारच्या टेबलावर त्यांचा अंगठा मशिनवर उमटत नव्हता. आयुष्यभर कागद हाताळून रेषा झिजल्या होत्या. त्यामुळे मशीन त्यांना हयात मानायला तयार नव्हतं आणि त्यांना वेळच वेळ होता.

"एकशे वीस," मी म्हणाले.

"लाख?"

"युरो."

"असू दे, असू दे." त्यांनी माझं सांत्वन केलं. "काय विकलंस?"

"वाकळ."

काका गप्प झाले. मग खुर्ची ओढून माझ्या बाजूला आले. "वाकळ? जुनेराची? आगं, आमच्या हिनं परवाच एक कुत्र्याला टाकली."

"त्या भिंतीवर लावणार आहेत."

"भिंतीला थंडी वाजती का तिकडं?"

साहेब हसले. दिवसातलं त्यांचं ते पहिलं काम. काकांना हुरूप आला. "साहेब, हिचं अडलंय कुठं?"

"काका, माल विकला म्हटलं की इनव्हॉइस, आयईसी, पोस्टाचं निर्यातीचं बिल, सगळं लागतं. नातेवाइकानं पाठवले असते तर दोन मिनिटांचं काम."

"मग आत्या लाव की."

"काय?"

"जर्मनीची आत्या. लग्न करून गेली. भाचीला दिवाळीला पाठवले. दिवाळी झाली का नाही आत्ताच?"

"काका, त्या जर्मन आहेत."

"मग मामी म्हण. मामी कुठलीबी असती."

आणि साहेब, देवाशपथ, विचारात पडले. "नसेल नातं तर पर्सनल गिफ्टचाही कोड आहे," ते फॉर्मकडे बघत पुटपुटले.

खरं सांगते, मी अर्धा मिनिट डळमळले. खोटं बोलले तर दोन मिनिटं, खरं बोलले तर पुन्हा उद्या या. पण इनव्हॉइस बाईंना आधीच गेलं होतं, आणि आमच्या सख्ख्या आत्याने आजवर ओवाळणीत ५१ रुपयांच्या वर टाकलेले नाहीत. १२० युरोंची आत्या मला कागदावरही पेलली नसती.

मी ०१०३ वर अडून राहिले. दुसऱ्या दिवशी आयईसीचं प्रमाणपत्र छापून नेलं. त्यावर तोच पॅन नंबर बघून साहेब म्हणाले, "हां, आता कसं!"

पैसे सहाव्या दिवशी पडले. मधल्या कुठल्याशा बँकेने वाटेतच १८ युरो काढून घेतले. कुणी, कुठे, कशाबद्दल, ते इथे कुणालाच सांगता येईना. उरले १०२. भाव लावला ९९, गूगलवर दिसत होता त्याहून तीन रुपयांनी कमी. मग आवक शुल्क २५०, त्यावर जीएसटी ४५. शिवाय युरोचे रुपये करून दिल्याची सेवा, तिच्यावरही जीएसटी, तो कमीत कमी ४५ असतोच. हातात ९,७५८. पोस्टाचा खर्च यातूनच. कंटेनर भरून माल पाठवणाऱ्याला हे २५० आणि ४५ दिसतही नसतील. आईला मी पूर्ण १२० चा हिशोब सांगितलाय. तिचे डोळे दुखतात धावदोऱ्याने, तिला मधली बँक कुठून समजावू? आणि एवढं करून सरकारी संगणकात माझ्या नावावर आगाऊ रक्कम उघडीच आहे. पोस्टाचं निर्यातीचं बिल बँकेत जोडेपर्यंत मी एका वाकळीची देणेकरी.

काकांची हयात शेवटी डोळ्याच्या मशिनवर सिद्ध झाली. जाताना त्यांनी माझा नंबर मागून घेतला होता. काल फोन आला.

"पोरी, आमच्या हिनं ती कुत्र्याकडनं परत घेतलीय. दोनदा धुतली, झ्याक दिसती. तुझ्या आत्याला विचार की."