छप्पर पुन्हा खाली गेले

दर शनिवारी कोथरूडच्या माझ्या खोलीत चौघे एकेका वीराची भूमिका घेऊन साहसाचा खेळ खेळायला जमतात आणि दर शनिवारी त्यांच्यादेखत मी संगणकाच्या पडद्यावरच्या खेळाच्या नकाशात सराईचे छप्पर शोधत बसतो. सर्वांत खाली जमीन, तिच्यावर टेबले नि पिंपे, मग पात्रांच्या सोंगट्या आणि वर छप्पर, इतका साधा थरांचा क्रम. तरीही एखादे पिंप जरा सरकवायला जावे तर हाती अख्खी जमीनच येते, कारण तो थर कुलूपबंद करायला मीच विसरलेलो असतो, हे मान्य. त्यात नकाशाच्या चित्रात ५ फुटांचा चौकोन १४० पिक्सेलचा आणि त्यावरच्या मोजमापाच्या जाळीत तोच ७० चा, म्हणून ५ फुटांचा बोळ १० फुटांचा होतो. (सदाशिव पेठेत हे झाले तर स्वागतच आहे.) परवा छप्पर सापडले ते सोंगट्यांच्या खाली, चारही वीर कौलांवर उभे राहून जेवण मागवत होते.