‘आधी कार्डिओ, वजनं नंतर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: माझ्या लेखात वजनं उचलण्याचं उगाच स्तोम माजवलंय, कॅलरी कार्डिओतच (चालणं, धावणं अशा दम वाढवणाऱ्या व्यायामात) जास्त जळतात, तेव्हा नवख्या माणसाने आधी चालून-धावून दहा किलो उतरवावेत आणि मग डंबेलला हात लावावा.

कॅलरींबाबत तुमचं बरोबर आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासात बैठ्या, स्थूल लोकांकडून आठ महिने व्यायाम करून घेतला होता. फक्त कार्डिओ करणाऱ्यांचं वजन सरासरी पावणेदोन किलो उतरलं. फक्त वजनं उचलणाऱ्यांचं ०.८ किलो वाढलं, कारण त्यांचे स्नायू वाढले. ‘स्नायू कमवा, झोपेतही चरबी जळेल’ हे जिममधलं आवडतं वाक्यही फुगवलेलंच. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो. दोन किलो कमावलेत तरी हिशेब एका मारी बिस्किटाचा.

पण त्याच अभ्यासातला कार्डिओचा आकडा पुन्हा बघा. आठ महिने, आणि पावणेदोन किलो! ८० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरने ४५ मिनिटं चालला तर साधारण २१० कॅलरी जातात. त्यातल्या साठेक तो नुसता बसला असता तरी गेल्या असत्या. येताना एक वडापाव खाल्ला की सगळं फिटलं. दहा किलो उतरतील ते मुख्यतः ताटातून. उतरणारं वजन चरबीचं असेल की स्नायूंचं, हे मात्र बरंचसं व्यायामावर ठरतं, आणि तुमचं ‘नंतर’ मला खटकतं ते इथे.

२०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका प्रयोगात ६५ च्या पुढच्या स्थूल लोकांनी सहा महिने आहार कमी करून व्यायाम केला. तिन्ही व्यायामगटांचं वजन सारखंच, ९ टक्के उतरलं. चरबी वगळून उरणारं वजन मात्र कार्डिओ गटात ५ टक्के घटलं, वजनं उचलणाऱ्यांत २, दोन्ही करणाऱ्यांत ३. ही घट वजन उतरत असतानाच होते. दहा किलो गेल्यावर डंबेल उचललात तर गेलेलं परत मिळवत बसायचं. चाळिशी उलटली असेल तर तेही कष्टानेच.

त्यात आपली भारतीयांची स्नायूंची शिल्लक मुळात कमी, चरबी जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून दोन दिवस वजनं, चार दिवस चालणं. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. नव्वद किलोच्या माणसाने धावायची घाई करू नये. दम पुरला तरी नडगी आणि गुडघे आधी कुरकुरतात. वजनांसाठी चारच प्रकार पुरेत: खुर्चीला टेकून उठायचे स्क्वॉट, ओट्याला हात टेकून पुशअप, एका हाताने डंबेल रो (पुढे वाकून डंबेल कमरेकडे ओढणं), आणि हातात डंबेल घेऊन, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचा रोमानियन डेडलिफ्ट. प्रत्येकी दोन सेट (फेऱ्या), दर सेटमध्ये ८ ते १२ रेप्स (आवर्तनं). सेट संपताना ‘अजून दोन-तीनच जमले असते’ असं वाटलं पाहिजे. दोन किलोचं डंबेल तीस वेळा हलवणं म्हणजे हाताचं कार्डिओ, आणि ‘वजनांनी काही होत नाही’ म्हणणारे बरेचजण नेमके तेच करत असतात. दोन्ही सेटमध्ये १२ गाठले की एक-दोन किलो वाढवा. ओट्यावरचा पुशअप सोपा झाला की पलंगाच्या कडेवर करा.

सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत काटा किलोभर वर जाऊ शकतो. नव्याने ताण पडलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, ती चरबी नव्हे. बहुतेक लोक याच टप्प्यावर वजनं सोडून ट्रेडमिलकडे परततात. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी उपाशीपोटी, नाभीपाशी टेप लावा.

रक्तदाब असेल तर जोर लावताना श्वास कोंडू नका. उठताना सोडायचा, बसताना घ्यायचा. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आहार आणि व्यायाम एकदम बदलण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोला.