दोन अब्ज एमबींची मोकळीक

पहिला नियम: एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, इन्स्टॉल झाला की त्याच्या मेमरीला हात लावायचा नाही. त्याने जास्तीत जास्त किती मेमरी घ्यायची ते ठरवणाऱ्या 'मॅक्स सर्व्हर मेमरी' या सेटिंगचा डीफॉल्ट आकडा २,१४,७४,८३,६४७ एमबी आहे, म्हणजे जवळपास दोन पेटाबाइट. तुमच्या मशीनमध्ये रॅम ३२ जीबी. उरलेली पुढच्या बजेटमध्ये मागून घ्या. तोवर डेटाबेस ओसरी मिळालेल्या पाहुण्यासारखा हातपाय पसरेल, विंडोज कोपऱ्यात अंग चोरून बसेल, आणि प्रोसेसची बरीचशी मेमरी डिस्कवर ढकलली गेल्याची ओळ एरर लॉगमध्ये येईल. एरर लॉग आपण उघडत नाही, त्यामुळे मनस्तापही नाही. २०१९च्या आवृत्तीपासून इन्स्टॉलर स्वतःच एक आकडा सुचवतो, हा आगाऊपणा आहे. 'नेक्स्ट' दाबा.

तरीही कधीतरी वरून विचारणा होतेच, "लिमिट लावलीय ना?" मग मात्र स्क्रिप्टच लिहायची. सेटिंगची खिडकी उघडून एकेका सर्व्हरवर क्लिक करायला गेलात तर आधीचा आकडा दिसतो, आणि दिसला की विचार करावासा वाटतो. सगळ्या सर्व्हरांची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये टाका, त्यावर एक लूप फिरवा, आत एसक्यूएलसीएमडी, म्हणजे सर्व्हरला कमांड पोचवणारं टूल. आकडा सगळ्यांना एकच. एका मशीनमध्ये १६ जीबी असेल, दुसऱ्यात २५६. पण आपण भेदभाव मानत नाही. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं, की इतर प्रोसेस वजा जाता उरणाऱ्या रॅमच्या साधारण ७५ टक्के द्या. म्हणजे अँटिव्हायरस किती खातो, बॅकअपचा एजंट किती खातो, त्याच मशीनवर कुणी रिपोर्टिंगची सर्व्हिस तर बसवली नाही ना, हे सगळं बघत बसा! चहा गार होईल तोवर.

आता एककाची गंमत. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो. ३२ जीबीच्या मशीनला २४ जीबी द्यायचे म्हणून तुम्ही नुसतं २४ लिहिलंत, तर सर्व्हर ते झिडकारतो, कारण १२८च्या खाली तो उतरतच नाही. खरी बहार मोठ्या मशीनवर. २५६ जीबीचा पाऊण भाग १९२, म्हणून १९२ लिहा. सर्व्हर मुकाट्याने घेतो. लाखो रुपयांची रॅम आणि डेटाबेसच्या वाट्याला १९२ एमबी! थोड्याच वेळात ७०१ नंबरची एरर यायला लागेल: क्वेरी चालवायला पुरेशी मेमरी नाही. नेटवर्कवाल्यांना फोन करा.

बदल केल्यावर सर्व्हर सांगतो, की आकडा अमुकवरून तमुक झाला, आता रीकॉन्फिगर (बदल प्रत्यक्ष लागू करणारी कमांड) चालवा. पहिलं अर्धं वाक्य वाचून थांबा. 'कॉन्फिग व्हॅल्यू'त तुमचा नवा आकडा, 'रन व्हॅल्यू'त जुनाच. बदल केला हेही खरं, काही बिघडलं नाही हेही खरं. दोन महिन्यांनी दुसरंच कुणीतरी दुसऱ्याच कुठल्या सेटिंगसाठी रीकॉन्फिगर चालवेल, तेव्हा तुमचा आकडाही सोबत लागू होईल. बोलणी तो खाईल.

ज्यांना रीकॉन्फिगर चालवायची हौसच आहे, त्यांनी महिनाअखेरीला भर दुपारी चालवावं. मेमरीची मर्यादा बदलली की साठवलेले एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचे आराखडे, पुसले जातात आणि प्रत्येक क्वेरीला नव्याने डोकं चालवावं लागतं. अकाउंट्सची मंडळी ऐन बिलं काढत असताना हे घडणं, यालाच टायमिंग म्हणतात.

एसक्यूएलसीएमडीला 'मायनस बी' हा स्विच लावण्याचा मोह टाळा. तो लावला की एरर आल्यावर स्क्रिप्टला तसं कळतं. न लावल्यास सर्व्हरने आकडा तोंडावर फेकला तरी एक्झिट कोड शून्यच, म्हणजे 'सगळं ठीक', आणि तुमचा लूप प्रत्येक नावापुढे 'यशस्वी' छापत जातो. ती फाइल मेलला जोडा, तिकीट बंद करा. 'एसए'चा, म्हणजे सर्वाधिकारी अ‍ॅडमिन लॉगिनचा, पासवर्ड स्क्रिप्टमध्येच 'मायनस पी'पुढे लिहिलेला असू द्या, पुढच्या माणसाला शोधाशोध नको.

एखादा सर्व्हर मर्यादा फारच कमी पडल्यामुळे रीस्टार्टनंतर उठलाच नाही, तर त्याला 'मायनस एफ' देऊन किमान कॉन्फिगरेशनमध्ये उठवता येतं. त्या अवस्थेत तो एकाच माणसाला आत घेतो. तुम्ही घाम पुसत कमांड टाइप करेपर्यंत ती एकुलती जागा मॉनिटरिंगच्या टूलने पटकावलेली असेल. सर्व्हर जिवंत आहे का, हे विचारायलाच ते आत शिरलेलं असतं. त्यावर 'मायनस एम'पुढे एसक्यूएलसीएमडीचं नाव जोडून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवण्याची सोय आहे. पण ती डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे तुमच्या नजरेला पडण्याचा धोका नाही.