फाळक्यांचं नाव घेऊन लोकांची घरं गहाण टाकायला लावू नका

'सिनेमा काढायला आता पैसा नाही, हिंमत लागते' असा एक मेसेज सध्या नागपुरातल्या नाटक-सिनेमावाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाईलवर शूट करा, ओटीटीवाले विकत घेतात, सरकार अनुदान देतं, निर्माता नसला की पूर्ण स्वातंत्र्य. आणि तरीही कमी पडलं तर घर गहाण टाका, फाळक्यांनी तेच केलं. माझ्या भाच्याने हे सगळं खरं धरलं आणि मनीषनगरचा फ्लॅट तारण ठेवू म्हणून ताईच्या मागे लागला. ताई शाळेत शिकवते, निवृत्ती तोंडावर आली आहे. तो फ्लॅट सोडला तर तिच्याकडे दुसरं काही नाही. मी लघुपटांचं साउंड करतो, म्हणून तिने मला विचारलं. हे उत्तर तिच्यासाठी, आणि तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी फाळके, कारण सगळ्यात घातक मुद्दा तोच आहे. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, हे खरं आहे. पण मधलं सगळं मेसेजवाल्याने गाळलं. तेव्हा फाळके चाळिशी ओलांडलेले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, फोटोग्राफी केलेली, छापखाना चालवलेला. 1912 मध्ये लंडनला जाऊन सिनेमा कसा काढतात ते डोळ्यांनी पाहून आले, कॅमेरा मागवला. आणि आल्या आल्या 'राजा हरिश्चंद्र' सुरू केला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, तो उगवून वाढेपर्यंत थोडं थोडं चित्रण करत राहिले आणि ती जेमतेम मिनिटभराची फिल्म पैसा लावू शकणाऱ्यांना दाखवली. सिनेमासाठी कर्जाची वाट त्यानंतर मोकळी झाली. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये जो सिनेमा लागला, त्याच्या मागे आधी दाखवलेलं काम होतं, नुसती हिंमत नव्हती.

पुढचंही सांगा ना लोकांना. 1918 मध्ये भागीदारांच्या पैशावर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, भागीदारांशी पटेना म्हणून फाळके सोडून गेले, पुन्हा परतले. 1944 मध्ये नाशिकलाच ते गेले तेव्हा गाठीला काही उरलं नव्हतं. ज्याने हा धंदा या देशात उभा केला त्याची ही गत, आणि तुम्ही एका मास्तरणीला घर तारण ठेवायला सांगता? बँकेचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. सिनेमाचे पैसे आलेच तर दोन-तीन वर्षांनी येतात, बहुतेकदा येतच नाहीत.

आता मोबाईल. मेसेजमध्ये अमेरिकन दिग्दर्शक शॉन बेकरच्या 'टँजरीन'चा दाखला आहे. 2015 चा तो सिनेमा आयफोन 5 एसवर काढला, बरोबर. पण त्यावर वेगळी लेन्स जोडली होती, आवाज वेगळा रेकॉर्ड केला होता आणि खर्च लाखभर डॉलरच्या घरात होता, म्हणजे तेव्हाच्या भावाने साठ लाखांच्या वर. शिवाय बेकरचा तो पाचवा सिनेमा होता. फुकटात झाला तो फक्त मेसेजमध्ये.

इथे मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वाड्यात शूट करून बघा. कूलर चालू ठेवला तर संवादावर त्याची घरघर बसते, बंद केला तर दहा मिनिटांत नटाचा मेकअप गळ्यापर्यंत उतरतो. अंगणात ठेवलेला फोन तापून स्वतःच बंद पडतो. एका पानाच्या सीनला अख्खी दुपार जाते, आणि त्या दुपारी पंधरा माणसांचं जेवण, गाडी, लाईटचं भाडं कोणीतरी देतच असतं.

ओटीटीचं लवकर सांगतो. अनोळखी माणसाचा सिनेमा बहुतेक ठिकाणी थेट घेतच नाहीत. मध्ये अ‍ॅग्रीगेटर, म्हणजे सिनेमे गोळा करून ओटीटीला देणारा मध्यस्थ असतो, आणि बऱ्याचदा करार 'जितकं पाहिलं जाईल तितके पैसे' असा असतो.

अनुदान आहे, हे नाकारत नाही. मराठी सिनेमाला राज्य सरकार दर्जा ठरवून पैसे देतं. पण सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, समितीने पाहिल्यावर. पहिल्या दिवसाच्या शूटिंगला त्यातला एक रुपया मिळत नाही.

स्वातंत्र्याचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, तेवढं द्यावंच लागेल. भाच्याची गोष्ट इतवारीतल्या हमालांची आहे आणि सगळी वऱ्हाडीत आहे. निर्माता आला तर पहिल्यांदा भाषा 'साफ' करायला सांगेल, मग एक गाणं मागेल. आसामच्या रीमा दासने 'व्हिलेज रॉकस्टार्स' हा सिनेमा लिहिला, चित्रित केला, संपादित केला, सगळं स्वतः. कोणी अडवलं नाही आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तिने पैशाऐवजी वर्षं घातली, तीनहून जास्त. आणि 'पूर्ण' स्वातंत्र्य तरीही नसतंच. थिएटरला लावायचा तर सेन्सॉर आहे. त्यांच्या कात्रीविरुद्ध दाद मागायचं अपिलीय न्यायाधिकरण 2021 मध्ये बंद झालं, आता थेट हायकोर्ट. नागपुरात त्याचं खंडपीठ आहे, पण वकिलाची फी कोण भरणार?

ताई, कुठल्याही कागदावर सही करू नकोस. भाच्याला सांग, त्या पटकथेतला हमाल आणि त्याच्या पोरीचा दहा मिनिटांचा सीन आधी काढू. नट दोनच, जागा एकच, रेकॉर्डर माझा. डिसेंबरात करू, तेव्हा कूलर लागत नाही.