लहान मुलाच्या हातात बंद कंट्रोलर देऊ नका

तुम्ही व्हिडिओ गेम खेळत असताना चार-पाच वर्षांचं मूल "मला पण खेळायचंय" म्हणत शेजारी येऊन बसलं की बऱ्याच घरांत एक युक्ती चालते. न जोडलेला कंट्रोलर त्याच्या हातात द्यायचा आणि "बघ, तूच खेळतोयस" म्हणायचं. याला माझा ठाम विरोध आहे. बटण दाबलं तरी पडद्यावर काहीच होत नाही, हे मुलाच्या लवकर लक्षात येतं. आणि मुळात या फसवणुकीची गरजच नाही. लहान मुलाला छोटं पण खरं काम देणारे गेम आज भरपूर आहेत. लपंडावात कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, ओरडतो, फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. गेम निवडताना नेमकं हेच बघायचं: मूल खेळात पूर्णपणे आहे, पण त्याच्या चुकीने डाव संपत नाही.

सुरुवातीसाठी माझी पहिली पसंती 2023 साली निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'ला. यात योशी (चार रंगांचे) आणि नॅबिट या पात्रांना शत्रू लागला तरी काही होत नाही. खड्ड्यात मात्र तेही पडतात. म्हणजे धोका शिल्लक राहतो, पण पावलापावलाला मरण नाही. पडलेला खेळाडू भूत होऊन तरंगतो आणि पाच सेकंदांत दोघांनी एकमेकांना गाठलं की परत जिवंत होतो. मुलांना हे वाचवणं फार आवडतं. तुम्ही पडलात तर घाईने सूचना देऊ नका, त्याला धावत येऊ द्या.

अडचण एकच, पण मोठी. या पात्रांना पॉवर-अप, म्हणजे रूप आणि शक्ती बदलणाऱ्या वस्तू, मिळत नाहीत. तुमचा मारिओ हत्ती होतो, सोंडेने पाणी उडवतो, आणि मुलाचा नॅबिट आहे तसाच राहतो. रडारड इथेच सुरू होते. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सोप्या लेव्हलला उलटं करा: मूल मारिओ, तुम्ही योशी. योशीच्या पाठीवर दुसऱ्या खेळाडूला बसता येतं. अवघड उडी आली की त्याला पाठीवर घ्या, पलीकडे गेल्यावर उतरू द्या.

गेमच्या कॅमेऱ्याकडे, म्हणजे पडदा कोणामागे सरकतो याकडे, बहुतेक पालकांचं लक्षच जात नाही. या गेममध्ये कॅमेरा मुकुट असलेल्या खेळाडूमागे जातो आणि मुकुट मिळतो लेव्हलच्या शेवटच्या झेंड्याच्या खांबावर सर्वांत उंच पोचणाऱ्याला. तुम्ही हौसेने टोक गाठलंत की पुढची लेव्हल तुमच्या वेगाने पळणार आणि मूल पडद्याबाहेर राहणार. म्हणून तुम्ही खांबाला खाली धरा. मुकुट त्याच्याकडे गेला की वेगही त्याचा.

दिसायला सारखाच असलेला 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स' (2019) घेताना मात्र विचार करा. त्यात खेळाडू एकमेकांना धडकतात. तुम्ही उडी मारता, मुलाच्या डोक्यावर आपटता, आणि तो खड्ड्यात. "तू मला पाडलंस!" हे भांडण त्या गेमच्या रचनेतच आहे, तुम्ही कितीही सांभाळून खेळा. दोन भावंडांना तर तो अजिबात देऊ नये.

'सुपर मारिओ ओडिसी'मध्ये (2017) काम आणखी छान वाटलेलं आहे. मेनूतून दोन खेळाडूंचा पर्याय निवडला की एक जण मारिओ आणि दुसरा त्याची टोपी. टोपी मरत नाही, उडते, नाणी गोळा करते, शत्रूंना टोले देते. चार वर्षांच्या मुलासाठी याहून चांगली नोकरी नाही. काही आठवड्यांनी अदलाबदल करा. तेव्हा असिस्ट मोड (नवख्यांसाठीची सोपी पद्धत) चालू ठेवा, म्हणजे मारिओला तीनऐवजी सहा जीव-खुणा मिळतात, खड्ड्यात पडला तर बुडबुड्यातून वर येतो, आणि कुठे जायचं ते बाण दाखवतात.

स्विच नसेल तर लेगो ठोकळ्यांच्या गेमची मालिका प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी सगळीकडे आहे. मेल्यावर फक्त थोडी लेगो-नाणी सांडतात, आणि दुसरा खेळाडू कधीही आत-बाहेर करू शकतो. जेवायला हाक आली तर तुमचा डाव थांबत नाही. मूल तासभर फक्त खुर्च्या आणि झाडं फोडत बसेल. बसू द्या, तोच त्याचा गेम आहे. बऱ्याच लेगो गेममध्ये दोघं लांब गेले की पडदा तिरका दुभंगतो आणि ती रेघ फिरत राहते. आपण कोणत्या बाजूला आहोत हेच मुलाला कळेनासं होतं, म्हणून सेटिंगमध्ये स्थिर विभागणी मिळत असेल तर ती घ्या.

ठोकळ्यांनी जग बांधायचा माइनक्राफ्ट सगळ्यांना आठवतो, पण सहाच्या आतल्या मुलाला तो जड जातो. कंट्रोलरवरच्या एका काडीने (स्टिकने) चालायचं आणि दुसरीने बघायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही. मग पात्र आकाशाकडे नाहीतर पायाकडे बघत भिंतीवर आपटत राहतं. द्यायचाच असेल तर पीसफुल (हल्ला करणारे शत्रू नसलेली) पातळी, ऑटो-जंप (आपोआप उडी) चालू, खेळाडूंनी एकमेकांना मारणं बंद. स्वयंपाकघरातला 'ओव्हरकुक्ड' आठ वर्षांच्या आत नको. घड्याळ पळतं, ऑर्डरी साचतात, आणि आई-बाबांचा आवाज चढतो.

आता हातातल्या वस्तूकडे या. स्विचचा एक जॉय-कॉन (डावा-उजवा अशा जोडीतला छोटा कंट्रोलर) आडवा धरून खेळता येतं, पण मुलाला डावाच द्या. उजवा आडवा धरला की होमचं बटण डाव्या अंगठ्यापाशी येतं, आणि ऐन उडीच्या वेळी गेममधून बाहेर पडायला होतं. मनगटाच्या पट्ट्या नक्की लावा, त्यांनी वरची दोन इवली बटणं मोठी होतात. पट्टीवर अधिक-उणेची खूण असते, ती जॉय-कॉनवरच्या खुणेशी जुळवा. उलटी सरकवली तर अशी अडकते की काढताना घाम फुटतो. उडीच्या बटणावर छोटी टिकली चिकटवा. "बी दाब" यापेक्षा "टिकली दाब" लगेच समजतं, कारण जॉय-कॉन आडवा धरला की बटणांच्या जागा फिरतात आणि डाव्यावर तर अक्षरंच नसतात. पडद्यावरचा इंग्रजी मजकूर मराठीत मोठ्याने वाचा, पात्रांचे आवाज काढून.

खेळताना मुलाच्या हातातून कंट्रोलर ओढून घेऊ नका. "इथे मी करू का?" असं विचारा, हो म्हटलं तर तेवढाच भाग पार करा आणि लगेच परत द्या. नाही म्हटलं तर दहाव्यांदा पडू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि यात टीव्ही-मोबाइलही आले. त्यामुळे गेमला वीस मिनिटं पुष्कळ. पण थांबायचं मिनिटांवर नको. "पाच मिनिटांत बंद" याचा लहान मुलाला काही अर्थ लागत नाही, आणि अर्ध्या लेव्हलमध्ये बंद केलं तर केलेली मेहनतही वाया जाते. "अजून दोन झेंडे, मग बंद" असं सांगा आणि प्रत्येक झेंड्याला मोठ्याने मोजा. दुसऱ्या झेंड्यानंतर कन्सोल बंद करायचं बटण मुलालाच दाबू द्या.