फ्रिजचे पैसे युनिटवर घ्या, अंदाजाने नको

पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एकेका कॉटचं भाडं भरून राहणाऱ्या मुलामुलींकडून छोट्या फ्रिजच्या विजेचे महिन्याला ठोक पैसे घेतात, याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. माझी भाची कर्वेनगरला राहते. खोलीत गुडघ्याएवढा, ५० लिटरचा फ्रिज आहे. दूध, दही, घरून आलेली चटणी, एवढंच त्यात असतं. त्याचे भाड्याव्यतिरिक्त दरमहा ५०० रुपये. तिने विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, चोवीस तास चालू असतो तो. पाचशे काय जास्त झाले?"

चोवीस तास चालू असतो हे खरं नाही. चोवीस तास प्लग लावलेला असतो. आत पुरेसं गार झालं की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो, गारवा कमी झाला की परत सुरू करतो. आमच्याकडे आईच्या खोलीत तिच्या इन्सुलिनसाठी असाच फ्रिज आहे. त्याला मी तपकीर गल्लीतून आणलेला प्लगमध्ये लावायचा मीटर जोडला. थंडीत दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा कमी, आणि मे महिन्यात, भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात तेव्हा, पाऊण युनिटच्या आसपास. म्हणजे महिन्याला थंडीत १३-१४ युनिट, भर उन्हाळ्यात २२-२३.

आता दर. इथे बरेच जण चुकतात. एकूण बिलाला एकूण युनिटने भागायचं नाही, कारण त्यात स्थिर आकारही येतो आणि तो फ्रिज असो वा नसो भरावाच लागतो. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. १०० ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात असा एक समज आहे, तोही बरोबर नाही. महाग होतात ती फक्त वरची युनिटं, पण त्यांचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. चार मुलींच्या फ्लॅटमध्ये गीझर, इस्त्री, मशीन धरून शंभरी पार होतेच. तेव्हा फ्रिजची युनिटं दुसऱ्या टप्प्याच्या दराने धरणं मालकाच्या बाजूनेही न्याय्य आहे. वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून मी युनिटला १३ रुपये लावते. थंडीत पावणेदोनशेच्या आसपास, मे महिन्यात तीनशे. पाचशे कुठेच होत नाहीत. बिल ३०० युनिटच्या पुढे जात असेल तर दर आणखी चढतो, पण मग ते बिल मुलींना दाखवावं.

फ्रिज मालकाचा आहे, त्याची झीज होते, दुरुस्ती तोच करतो, हे मला मान्य आहे. त्याचं भाडं जरूर घ्यावं. पण मग त्याला भाडं म्हणावं आणि पावतीवर तसं लिहावं. वीज म्हणून घेतलेले पैसे विजेइतकेच असावेत. ज्या मुलीच्या घरून महिन्याला मोजके पैसे येतात, तिला दोनशे-तीनशे रुपयांनी फार फरक पडतो.

मुलांनाही सांगायचंय. फ्रिज छोटा म्हणजे बिल त्याच प्रमाणात छोटं, असं नसतं. आकारमान चौपट केलं तर बाहेरून उष्णता शिरायला मिळणारा पृष्ठभाग अडीचपटच वाढतो. शिवाय छोट्या फ्रिजच्या भिंती बऱ्याचदा पातळ असतात. वीज बचतीचे चार-पाच तारे (स्टार) मिळालेल्या, १९० लिटरच्या आसपासच्या सिंगल डोअर फ्रिजच्या लेबलवर वर्षाला दीडशेच्या आगेमागे युनिट दिसतात. आमचा ५० लिटरचा डबा वर्षाला त्याहून जास्तच खातो! तिघी-चौघी मिळून एक फ्रिज वापरणार असाल तर मोठा घेतलेला परवडतो. तारे त्या-त्या आकाराच्या गटात मोजलेले असतात, म्हणून ताऱ्यांबरोबर लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा वाचा.

ऑनलाइन मिळणारे ते बिनआवाजाचे, कारमध्येही चालणारे कूलर तर घेऊच नका. त्यांत कॉम्प्रेसर नसतो आणि बरेचसे सतत चालूच राहतात. ५० वॉटचा धरला तरी महिन्याला ३६ युनिट होतात. एवढं करून ते खोलीच्या तापमानापेक्षा १५-२० अंशच खाली नेतात. ३४ अंशांच्या खोलीत दूध नासायची भीती राहते, आणि इन्सुलिन तर त्यात ठेवूच नये, त्याला २ ते ८ अंश लागतात.

प्लगचा मीटर नसेल तरी अंदाज काढता येतो. घरातल्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला किती लुकलुका हे मीटरवरच छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं, राउटरसकट, बंद करा. कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली की मिनिटाला किती वेळा दिवा लागतो ते मोजा. चार वेळा लागला तर तुमचा फ्रिज त्या क्षणी ७५ वॉट घेतोय. मग तासातली किती मिनिटं घरघर चालते ते घड्याळात बघा. निम्मा वेळ चालत असेल तर दिवसाला ९०० वॉट-तास, म्हणजे ०.९ युनिट. एवढं आलं तर आधी फ्रिजची जागा तपासा. अनेक छोट्या फ्रिजचे बाजूचे पत्रे तापतात, उष्णता तिथूनच बाहेर पडते. खोल्यांमध्ये तो कपाट आणि कॉटच्या फटीत कोंबलेला असतो, वर बॅगा टेकवलेल्या. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोडा. दारात नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर ढिलं झालंय. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने बर्फ भराभर साचतो, तो वेळच्या वेळी वितळवा, पण सुरीने खरवडू नका.

भाचीने आता मालकीणबाईंना हा हिशेब दाखवून, महिनाभर मीटर लावून बघू, असं सुचवलंय. त्या तयार झाल्या आहेत. कुणाला असाच हिशेब हवा असेल तर मीटरवरचा छापील आकडा आणि बिलाचा फोटो (नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून) मला मेसेज करा, मी मांडून देते.