बटाट्यातला विषाणू कुणी ‘सोडला’ नाही

बटाटा पिकवणाऱ्यांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात: बटाट्याला लागणाऱ्या पीव्हीवाय (पोटॅटो व्हायरस वाय) विषाणूचे नवे प्रकार कंपन्यांनी जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, बटाट्यातून सोडले, टिश्यूकल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) बेण्यातून ते पसरतात, म्हणून घरचेच बेणे राखा, विषाणू पसरवणाऱ्या मावा किडीवर औषध मारले की रोग थांबतो, आणि असा बटाटा खाल्ला तर माणसालाही लागण होते. चारही चूक आहेत. दुसरी तर शेतकऱ्याला थेट खड्ड्यात घालणारी आहे.

जीएमचा आरोप तारखांपुढेच टिकत नाही. कंदावर तपकिरी कडी उठवणारा ‘एनटीएन’ प्रकार हंगेरीत 1980 च्या सुमारास दिसला. जीएम बटाटा अमेरिकेत बाजारात आला 1995 साली. भारतात त्याची व्यापारी लागवड आजही होत नाही.

हे प्रकार शेतातच जन्मले. पीव्हीवायचा जनुकसंच म्हणजे सुमारे 9,700 अक्षरांचा आरएनएचा एक धागा. ‘ओ’ आणि ‘एन’ हे जुने प्रकार एकाच पेशीत शिरले, की नक्कल काढणारे विकर कधी मध्येच एक धागा सोडून दुसऱ्यावर जाते आणि पुढची नक्कल त्याची काढते. असे बहुतेक जोड निकामी निघतात, एखादा तगतो. पोलंडमध्ये ‘विल्गा’ वाणावर सापडलेला प्रकार असाच: आवरण ओचे, आतला मोठा भाग एनचा. आवरण ओळखणारी एलायझा चाचणी त्याला ‘ओ’ ठरवते, आणि तंबाखूच्या रोपावर मात्र तो एनसारख्या शिरा करपवतो.

तो तगला का, हे जास्त महत्त्वाचे. अनेक वाणांत ‘एनवाय’ जनुक असते. ओचे एचसी-प्रो हे प्रथिन ओळखून ते लागण झालेल्या पेशी मारते आणि विषाणूला तिथेच कोंडते. जोडप्रकारांत नेमका हाच तुकडा एनचा असतो, त्यामुळे ते निसटतात. अशा वाणांत ओ दबला आणि जोडप्रकारांना रान मोकळे मिळाले. त्यासाठी कुणाचे कारस्थान लागत नाही. ‘आरवाय’ जनुक मात्र ओ, एन आणि जोडप्रकार सगळ्यांनाच रोखते. पैदाशीत जोर तिथे हवा.

आता टिश्यूकल्चर. शेंड्याच्या टोकाचा अगदी बारीक तुकडा वाढवायचा, रोप तपासायचे आणि निरोगी निघाले तरच पुढे न्यायचे, ही विषाणू काढून टाकण्याची पद्धत आहे. उलट घरचे बेणे वर्षानुवर्षे फिरवले की लागण कंदातून पुढच्या पिकात जाते आणि साठत राहते. दोन प्रकार एका झाडात भेटण्याची संधीही तिथेच वाढते. जोडप्रकारांची लक्षणे पानांवर बऱ्याचदा सौम्य असतात, त्यामुळे रोगट झाडे उपटणाऱ्याच्या नजरेतून ती सुटतात. एनटीएनची कडी तर कधी कधी साठवणीतच उमटते.

माव्याला विषाणू उचलायला आणि दुसऱ्या झाडात सोडायला काही सेकंद ते मिनिटे पुरतात. बाहेरून उडत आलेला मावा औषधाने मरतो, पण तोवर त्याने सोंड खुपसलेली असते. खनिज तेलाची फवारणी हा प्रसार काही प्रमाणात कमी करते.

खाण्याची भीती तर निराधारच. पीव्हीवाय माणसाच्या पेशीत वाढत नाही.

आपल्याकडे पंजाबातून बेणे येते, त्यामागे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची पद्धत आहे: मावा कमी असतानाच पीक वाढवायचे आणि 100 संयुक्त पानांमागे 20 मावा होण्याआधी पाला कापून टाकायचा, म्हणजे विषाणू पाल्यातून कंदात उतरत नाही. बेणे घेताना विचारायचे ते हेच: पाला कधी कापला आणि विषाणूची चाचणी झाली का?